परकीय भाषेचा वर्ग आणि ‘सूट’ नावाची सोय

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या सतराव्या कलमात सर्वसमावेशक शिक्षणासाठी शासनाने काय काय करावे याची यादी दिलेली आहे. त्या यादीत परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक यांच्या जोडीने, एकाच वाक्यात, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट ही सवलतही नोंदवलेली आहे. या तीन गोष्टी एका पंगतीत बसवलेल्या असल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. जादा वेळ आणि लेखनिक यांच्या आधाराने विद्यार्थी विषयापर्यंत पोहोचतो. सूट मिळाली की तो विषयच त्याच्या वाट्याला येत नाही.

सूट सरसकट वाईट, असे माझे म्हणणे नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही ज्याची पहिली भाषा आहे अशा कर्णबधिर मुलाला मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. त्याच्यावर आणखी एक भाषा केवळ वेळापत्रकात आहे म्हणून लादणे हा अन्यायच आहे, आणि तेथे कायद्यातील ही तरतूद मोलाची आहे. माझा आक्षेप क्रमाबद्दल आहे. पालकांनी ‘एलडी’चे (म्हणजे अध्ययन अक्षमतेचे) किंवा अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र पुढे ठेवले की अनेक ठिकाणी पहिला पर्याय म्हणून सूटच सुचवली जाते. पालकांना हायसे वाटते, शिक्षकाचे काम वाचते, निकालाची टक्केवारी सांभाळली जाते, आणि या मुलाला ती भाषा जमली असती का, हा प्रश्न कोणाच्याच तोंडी येत नाही.

मी पुण्यात जर्मन शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि मॅक्स म्युलर भवन यांच्यामुळे या शहरात परकीय भाषा शिकणे ही हौसेइतकीच पोटापाण्याचीही बाब झालेली आहे. भाषांतर, जर्मनभाषक ग्राहकांशी पत्रव्यवहार, दूरध्वनीवरील साहाय्य ही कामे संगणकासमोर बसून करता येतात, आणि म्हणूनच एखाद्या दृष्टिहीन किंवा चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या पदवीधराला ती इतर पुष्कळ नोकऱ्यांपेक्षा अधिक सोयीची असतात. ज्याला शाळेतच भाषेतून सूट मिळाली, त्याच्यासाठी ही वाट बरीच आधी बंद झालेली असते. त्यामुळे जर्मनच्या वर्गात नेमके काय बदलावे लागते आणि काय बदलावे लागत नाही, हे अनुभवाने जे समजले ते येथे लिहून ठेवत आहे. अनुभव बहुतांशी दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अक्षमता, असलेल्यांचा आहे. म्हणून लेखही त्याच बाजूला झुकलेला आहे.

प्रथम ब्रेलबद्दल, कारण याविषयी डोळस शिक्षकांच्या मनात सर्वांत जास्त धास्ती असते. भारतीय भाषांसाठी १९५१ साली स्वीकारलेली भारती ब्रेल ही लुई ब्रेलच्या सहा टिंबांच्या मूळ पद्धतीवरच उभी आहे, आणि तिची रचना करताना शक्य तेथे रोमन अक्षराचे चिन्ह जवळच्या भारतीय ध्वनीला दिलेले आहे. मराठी ब्रेलमधला ‘ब’ हाच रोमन ‘बी’ असतो, ‘म’ हाच ‘एम’, ‘र’ हाच ‘आर’. शिवाय ब्रेलमध्ये मराठी अक्षरे उच्चाराच्या क्रमाने एकापुढे एक लिहिली जातात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, असा देवनागरीतला प्रकार तेथे नाही. म्हणजे मराठी माध्यमातून शिकलेल्या दृष्टिहीन मुलाची बोटे रोमन वर्णमालेला तिच्या नावाआधीच ओळखत असतात.

खरी अडचण उम्लाउटपाशी सुरू होते, आणि ती अवघडपणाची नसून अतिपरिचयाची आहे. जर्मन ब्रेलमध्ये डोक्यावर दोन टिंबे असलेल्या तीन स्वरांना आणि ‘एस्त्सेट’ या खास जर्मन अक्षराला स्वतंत्र चिन्हे आहेत. ब्रेलच्या सहा टिंबांना एक ते सहा असे क्रमांक असतात. आ-उम्लाउट म्हणजे ३-४-५ ही टिंबे. मराठी ब्रेलमध्ये हाच ‘आ’. ओ-उम्लाउट म्हणजे २-४-६. मराठीत हाच ‘औ’. ऊ-उम्लाउट म्हणजे १-२-५-६. मराठीत हाच ‘ऊ’. एस्त्सेट म्हणजे २-३-४-६, आणि मराठीत हा चक्क ‘ध’ आहे. विद्यार्थी इंग्रजी ब्रेलमधली संक्षेपचिन्हे शिकलेला असेल, तर तिसरा थर चढतो: तेथे हीच चिन्हे अनुक्रमे ‘एआर’, ‘ओडब्ल्यू’, ‘ओयू’ या अक्षरजोड्यांची आणि ‘द’ या उपपदाची असतात. जर्मनच्या पूर्णलेखन पद्धतीत तर ‘ई-आय’ या स्वरजोडीला मराठीतल्या ‘श’चे चिन्ह आहे आणि ‘एस-टी’ला ‘ट’चे. डोळस विद्यार्थ्याला अनोळखी अक्षर दिसले की तो थबकतो आणि विचारतो. ब्रेल वाचणाऱ्याचे बोट थबकत नाही, ते आधीच्या सवयीने चुकीचा ध्वनी वाचून पुढे निघून जाते. त्यामुळे ही चिन्हे पुस्तकात जेव्हा येतील तेव्हा शिकवू असे म्हणून चालत नाही. पहिल्या आठवड्यातच ती वेगळी काढून, मराठीतला अर्थ आणि जर्मनमधला अर्थ शेजारी शेजारी ठेवून, शब्दांमधून घोटून घ्यावी लागतात. जर्मनचे संक्षिप्त लेखन, ज्याला तेथे ‘कुर्त्सश्रिफ्ट’ म्हणतात, ते मी प्रारंभीच्या पातळ्यांवर अजिबात आणत नाही. जर्मनीतल्या दृष्टिहीन वाचकाच्या वाचनाला त्याने वेग येतो, हे खरे. पण ज्याला शब्दाचे पूर्ण स्पेलिंग अजून शिकायचे आहे त्याच्यापुढे शब्दाचे आखूड रूप ठेवण्यात अर्थ नाही.

याच संदर्भात एक बारीक, पण परीक्षेत गुण खाणारी गोष्ट आहे. जर्मन लेखनात प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते, आणि हा नियम आपण पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांच्या कानी घालतो. परंतु जर्मन ब्रेलच्या परंपरेत सर्वसाधारण मजकुरात मोठी अक्षरे दाखवली जात नाहीत. जर्मनीतून मिळवलेले ब्रेल पुस्तक वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हा नियम शिक्षकाच्या तोंडून ऐकावा लागतो, वाचनातून तो त्याच्या अंगवळणी पडत नाही, आणि पुढे संगणकावर उत्तर टंकताना नामे लहान अक्षरांत उतरतात. शिकण्याच्या मजकुरात मोठ्या अक्षराचे चिन्ह, म्हणजे जर्मन पद्धतीप्रमाणे ४-६ ही टिंबे, मुद्दाम घालून घेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

‘आता संगणक सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेल हवीच कशाला?’ असे मला डोळस सहकारीच अधिक विचारतात. मातृभाषेपुरते हे एक वेळ ठीक आहे. परकीय भाषेत केवळ कानावर विसंबले तर शब्दाचे रूप हातात येत नाही. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘द’ हा ‘त’सारखा उच्चारला जातो, त्यामुळे चाक या अर्थाचा शब्द आणि सल्ला या अर्थाचा शब्द कानाला अगदी एकच ऐकू येतात, लेखनात मात्र एकाच्या शेवटी ‘डी’ आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘टी’. ‘व्ही’ आणि ‘एफ’ यांचाही पुष्कळ शब्दांत ‘फ’ असाच उच्चार होतो. शब्द बोटांखालून गेला नाही, तर विद्यार्थी उत्तम बोलतो आणि दोन ओळींच्या पत्रात पाच चुका करतो. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारे यंत्र, महाग असते हे मला ठाऊक आहे, आणि म्हणून पाटी-स्टायलसवर रोज थोडे शब्द लिहून घेण्याचा जुना मार्ग मी सोडलेला नाही.

स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीची, बाजू वेगळीच आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने लिहायला घेतला, आणि आज आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी तोच वापरतात. मजकुराची भाषा बदलली की आवाजही बदलण्याची क्षमता त्याच्यात आहे, मात्र मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्या दस्तऐवजात कोणीतरी नोंदवलेले असावे लागते. जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही रोमन लिपीत असल्यामुळे केवळ अक्षरांवरून यंत्राला फरक कळत नाही. परिणामी आपण प्रेमाने तयार केलेली जर्मन-इंग्रजी शब्दांची यादी विद्यार्थ्याच्या कानी पडते ती सबंध इंग्रजी उच्चारांत, आणि त्या उच्चारांचे संस्कार पुसायला नंतर महिने जातात. वर्डमध्ये जर्मन शब्द निवडून त्यांची भाषा ‘जर्मन’ अशी ठरवणे हे काही सेकंदांचे काम आहे. परकीय भाषेच्या शिक्षकाने दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी एकच तांत्रिक गोष्ट शिकायची असेल, तर मी हीच सुचवीन. मराठी अर्थ देवनागरीत दिले तर आणखी एक फायदा होतो: लिपीच वेगळी असल्याने आवाजांची सरमिसळ कमी होते. मराठी विद्यार्थ्याला जर्मन इंग्रजीतून शिकवण्याची आपली सवय अनेक कारणांनी तपासून पाहण्याजोगी आहे. त्यांतले हे एक.

आता चित्रांकडे वळू. गेल्या काही दशकांतील पाठ्यपुस्तके संवादावर भर देणारी आहेत आणि हा संवाद ती चित्रांतून घडवतात. ‘चित्रात काय दिसते ते सांगा’ हा प्रकार पानोपानी असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने चित्राचे वर्णन मराठीत करायचे आणि मग त्याने ते जर्मनमध्ये सांगायचे, अशी तडजोड बहुतेक वर्गांत होते. पण मग त्या स्वाध्यायाचे रूपांतर भाषांतरात होते आणि मूळ हेतू हरवतो. प्रत्येक वेळी मी स्वतःला एवढेच विचारते की या स्वाध्यायातून विद्यार्थ्याकडून नेमके काय काढून घ्यायचे आहे. ‘टेबलावर’, ‘टेबलाखाली’, ‘खुर्चीच्या मागे’ या शब्दयोगी अव्ययांचा सराव हवा असेल, तर चित्राची गरज नाही. वर्गातल्या खऱ्या टेबलावर किल्ली, डबा आणि पाण्याची बाटली मांडून ठेवली की पुरते. ती हातांनी चाचपून सांगायची, दुसऱ्याने जागा बदलायच्या, मग पुन्हा सांगायचे. हा प्रकार डोळस मुलांनाही चित्रापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात विभक्ती बदलण्याचे कारण हातात असते: जर्मनमध्ये वस्तू ‘कोठे आहे’ याला एक विभक्ती आणि ती ‘कोठे ठेवली’ याला दुसरी.

रंगांचेही तसेच. जर्मनमधील तीन लिंगांसाठी निळा, लाल आणि हिरवा हे रंग वापरण्याची रीत इतकी रूढ आहे की कित्येक शिक्षकांचे फळे आणि तक्ते त्यावरच उभे असतात. दृष्टिहीनाला तर ती निरुपयोगी आहेच, पण लाल-हिरव्यातला भेद न कळणारा एखादा मुलगा वर्गात असला तर त्याची नेमकी स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग यांच्यातच गल्लत होते, आणि बहुधा त्याने ही अडचण कधी कोणाला सांगितलेली नसते. रंगाला आकाराची जोड द्यावी: एका लिंगाला चौकट, एकाला वर्तुळ, एकाला त्रिकोण. स्पर्शासाठी खरखरीत, गुळगुळीत आणि मऊ अशा तीन पृष्ठभागांची कार्डे करता येतात. मराठी मुलांच्या बाजूने येथे एक मोठी गोष्ट आहे. ‘तो, ती, ते’ त्यांच्या भाषेत मुळातच आहे. तीन लिंगे का असतात हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही, फक्त जर्मन टेबल पुल्लिंगी आहे आणि जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे याची सवय करून घ्यावी लागते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाण्याचा जो नियम इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना छळतो, तोही मराठीत विचार करणाऱ्याला घरचाच वाटतो.

डिस्लेक्सियाबद्दल आपल्याकडे एक सरधोपट समजूत आहे: मुलाला इंग्रजी वाचता-लिहिता येत नाही, म्हणजे आणखी एक रोमन लिपीतली भाषा म्हणजे दुप्पट संकट. प्रत्यक्षात इंग्रजीतले स्पेलिंग आणि उच्चार यांचे नाते इतके बेभरवशाचे आहे की तिच्यावरून दुसऱ्या भाषेचा अंदाज बांधणे चूक ठरते. जर्मनमध्ये लिहिलेला शब्द कसा वाचायचा हे थोड्याशा नियमांनी ठरते. साल्झबुर्गचे हाइन्झ विमर, तसेच कारिन लांडर्ल आणि उटा फ्रिथ यांनी १९९७ साली इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्या डिस्लेक्सिक मुलांची तुलना केली, तेव्हा जर्मन मुलांच्या वाचनातल्या चुका खूपच कमी आढळल्या. अर्थात अडचण नाहीशी झालेली नव्हती. जर्मन मुलांमध्ये ती प्रामुख्याने वाचनाच्या संथ गतीतून दिसते. ही मुले जर्मन मातृभाषेची होती, त्यामुळे निष्कर्ष आपल्या वर्गावर जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही शिक्षकाला त्यातून दोन व्यवहारी गोष्टी घेता येतात: अशा मुलाला जर्मन, स्पॅनिश किंवा इटालियन यांसारखी नियमित लेखनाची भाषा सुचवावी, आणि त्याला वेळ द्यावा.

परकीय भाषेत सतत नापास होणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांचा प्रश्न तसा जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठात समुपदेशन करणारे केनेथ डिंकलेज यांनी १९७१ साली त्याविषयी लिहिले. पुढे लिओनोर गॅनशो आणि रिचर्ड स्पार्क्स या अमेरिकी संशोधकांनी असे मांडले की परकीय भाषेतल्या या अडचणींचे मूळ बहुधा मातृभाषेतीलच ध्वनी, लेखन आणि वाक्यरचना यांच्या कौशल्यांत असते. त्यांनी सुचवलेली पद्धत मला पटते, कारण ती गाजावाजा न करणारी आहे: ध्वनी आणि अक्षर यांची जोडी उघडपणे, क्रमाने, एका वेळी थोडी शिकवायची आणि ती ऐकणे, बोलणे, पाहणे व लिहिणे या चारही अंगांनी पक्की करायची. भाषा कानावर पडत राहिली की आपोआप उमजेल, हा संवादी पद्धतीचा आवडता विश्वास या मुलांच्या बाबतीत फारसा कामाला येत नाही.

जर्मनमध्ये या मुलांना हमखास अडवणारी जागा म्हणजे ‘ई’ आणि ‘आय’ ही अक्षरे. ‘आय’ आधी आणि ‘ई’ नंतर आली तर उच्चार दीर्घ ‘ई’. उलट क्रमाने आली तर ‘आय’. अक्षरांचा क्रम निसटणे हीच ज्याची अडचण आहे, त्याच्यासाठी हा सापळाच. जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचे इंग्रजी नाव घ्यायचे, तोच उच्चार, ही एक जुनी क्लृप्ती मी सांगते आणि नंतर बराच काळ त्या दोन जोड्यांखेरीज दुसरे काही दुरुस्त करत नाही. लांबलचक जोडशब्दांची मात्र मला भीती वाटत नाही. समासाचा विग्रह मराठी मुलाला शाळेपासून माहीत असतो; शब्दाचे तुकडे पेन्सिलीच्या उभ्या रेघांनी पाडून दाखवले, की पानाच्या रुंदीएवढा शब्दही तीन ओळखीच्या शब्दांत मोडतो. याशिवाय काही साधे नियम मी स्वतःपुरते केले आहेत. पूर्वसूचना न देता कोणालाही मोठ्याने वाचायला सांगायचे नाही. ज्याला वाचायचे आहे त्याला परिच्छेद आदल्या दिवशी द्यायचा. श्रुतलेखन घ्यायचे, पण आशय तपासताना स्पेलिंगचे गुण कापायचे नाहीत आणि स्पेलिंग तपासायचे असेल तर तेवढेच तपासायचे. फळ्यावरून उतरवून घेण्याचे काम शक्य तितके टाळायचे. फळ्याचे छायाचित्र काढायला परवानगी दिली की वर्गाच्या शिस्तीवर कोणतेही आभाळ कोसळत नाही.

कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत माझा अनुभव तोकडा आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाचा चेहरा दिसत असताना जे समजते ते ध्वनिमुद्रणातून समजत नाही. त्यामुळे श्रवणाच्या स्वाध्यायाचा संहितापाठ शिक्षकाने समोर उभे राहून स्वतः वाचणे, हा सर्वांत स्वस्त बदल आहे. ओठ वाचणाऱ्याला काही ध्वनी, उदाहरणार्थ ‘क’ आणि ‘ग’, एकसारखेच दिसतात. उलट ऊ-उम्लाउटमध्ये जीभ ‘ई’ची आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल असतात, आणि इतर विद्यार्थ्यांच्या कानांना न जाणवणारा हा फरक ओठ वाचणाऱ्याच्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो. हा उच्चार संपूर्ण वर्गाला शिकवताना मी आता ऐकवण्याऐवजी आरशात बघायला लावते. ज्यांना जर्मनीत जायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जर्मन सांकेतिक भाषेला तेथे २००२ साली कायद्याने मान्यता मिळाली असून ती भारतीय सांकेतिक भाषेहून पूर्ण वेगळी आहे. भाषेच्या क्षमतेचे स्तर ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीच्या २०२० सालच्या पुरवणी खंडात सांकेतिक भाषांच्या क्षमतांचेही स्तर दिलेले आहेत. म्हणजे ‘भाषा येणे’ याची व्याख्या निदान कागदावर तरी कानापुरती राहिलेली नाही.

सगळ्या बदलांची कसोटी परीक्षेत लागते, आणि येथे जादा वेळ हा शब्द फसवा ठरू शकतो. श्रवणाच्या परीक्षेत डोळस विद्यार्थी ध्वनिमुद्रण सुरू असतानाच पुढचा प्रश्न नजरेने वाचत असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला प्रश्न कानाने ऐकायचा आणि उताराही कानानेच ऐकायचा, किंवा एका हाताने ब्रेल वाचत दुसऱ्याने उत्तर नोंदवायचे. गोएथे संस्थेच्या बी-१ या मध्यम पातळीच्या जर्मन परीक्षेत श्रवणाचे चार भाग असून त्यांतले दोन एकदाच ऐकवले जातात. अशा परीक्षेत शेवटी वीस मिनिटे वाढवून मिळाली आणि ध्वनिमुद्रण मात्र न थांबता वाजत राहिले, तर त्या वीस मिनिटांचा उपयोग शून्य. हवे असतात ते प्रश्नांच्या मधले थांबे. वाचनाच्या भागातही असेच आहे. सात व्यक्तींच्या गरजा आणि दहा जाहिराती यांच्या जोड्या लावण्याचा प्रश्न डोळ्यांसाठी नजर फिरवण्याचा आहे. स्क्रीन रीडरवर तोच प्रश्न पाठांतराची परीक्षा होऊन बसतो. प्रत्येक जाहिरातीला दस्तऐवजात शीर्षकाची शैली दिलेली असेल, तर विद्यार्थी एका कळीने एका जाहिरातीवरून दुसरीवर उडी मारू शकतो आणि प्रश्न पुन्हा वाचनाचा होतो. याच परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग स्वतंत्रपणे देता येतात, ही सोय दिव्यांगांसाठी म्हणून केलेली नसली तरी त्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडते. ज्याला एका दिवसात चार भाग झेपत नाहीत तो ते वाटून घेऊ शकतो.

लेखनिकाचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘रायटर’चा, प्रश्न भाषेच्या परीक्षेत विशेष गुंतागुंतीचा आहे. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लेखनिकाने ऐकलेले वाक्य लिहून काढले की काम झाले. जर्मनच्या उत्तरपत्रिकेत लेखनिकाला जर्मन येत नसेल तर त्याला प्रत्येक शब्दाचे एकेक अक्षर सांगावे लागते, आणि येत असेल तर त्याच्या हातून नकळत दुरुस्त्या होतात. मग तपासले जाते ते कोणाचे जर्मन? माझा कल म्हणूनच विद्यार्थ्याने स्वतः संगणकावर, स्पेलिंग-तपासनीस बंद ठेवून, उत्तर टंकण्याकडे आहे. त्यासाठी जर्मन कळफलकाचा सराव वर्षाच्या सुरुवातीपासून हवा, कारण त्यात ‘वाय’ आणि ‘झेड’ यांच्या जागा उलट आहेत आणि उम्लाउटना स्वतंत्र कळा आहेत. जेथे संगणकाला परवानगी नाही, तेथे अक्षरे सांगण्यात जाणारा वेळ धरूनच जादा वेळ मागावा. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारला जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल दाखवावा. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या लेखणीतून उतरलेल्या या निकालात, लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांची अट न लावता लेखनिक मिळायला हवा, असे स्पष्ट म्हटले आहे. बोबडे किंवा अडखळत बोलणाऱ्यांच्या, तसेच मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांचे बोलणे संथ आहे त्यांच्या तोंडी परीक्षेतही वेळेची मागणी आधीच करता येते. परीक्षकाने ओघ मोजताना उच्चारातला थांबा आणि शब्द न आठवल्याचा थांबा यांत फरक करायला हवा.

राहता राहिली पुस्तके. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दिव्यांग वाचकासाठी कोणत्याही पुस्तकाची सुगम प्रत करण्याची मुभा आहे, आणि अशा सुगम प्रतींविषयीच्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ साली मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. युरोपीय संघही २०१८ मध्ये या करारात आल्यामुळे जर्मनीतल्या सुगम प्रती आपल्याकडील अधिकृत संस्थांमार्फत येण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. लाइपझिगचे १८९४ पासूनचे दृष्टिहीनांचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि मारबुर्गची १९१६ पासूनची दृष्टिहीनांसाठीची संस्था ही त्यासाठी विचारणा करण्याची ठिकाणे. आपल्याकडे मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र अशा प्रतींच्या कामात अनुभवी आहे. तरीही बहुतेक वेळा पाठ्यपुस्तक स्कॅन करून, त्यातला मजकूर ओळखून घेऊन, उम्लाउटच्या जागी आलेली चुकीची अक्षरे हाताने दुरुस्त करण्याचे काम शिक्षकाच्याच वाट्याला येते. एका धड्याला सुरुवातीला एक संध्याकाळ लागते. मी अशा दुरुस्त केलेल्या फाइली पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीनुसार नावे देऊन जपून ठेवते, कारण पुढच्या वर्षी त्याच पुस्तकासाठी दुसरा विद्यार्थी येतो. पुण्यात किंवा अन्यत्र जर्मन शिकवणाऱ्या कोणाच्या वर्गात पुढच्या सत्रात दृष्टिहीन विद्यार्थी येणार असेल, तर त्यांनी पुस्तकाची आवृत्ती सत्र सुरू होण्याच्या निदान दोन महिने आधी निश्चित करावी आणि ती विद्यार्थ्याला कळवावी. ऐन वेळी आवृत्ती बदलली की तयार फाइलींतले पृष्ठक्रमांक आणि स्वाध्याय जुळत नाहीत, आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.